आरसा पडत नाही, नुसतं काळं येतं: अल्डिहाइड-कीटोनच्या टेस्ट फसतात तेव्हा काय तपासायचं

मी पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे. रिएजंट बनवणं, बाटल्या भरणं, बॅच सुरू व्हायच्या आधी स्टँड लावणं हे माझं काम. २२ वर्षांत "मॅडम, आरसा येत नाहीये" हे वाक्य किती वेळा ऐकलं याची गणती नाही. अल्डिहाइड आणि कीटोन ही कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) असलेली दोन प्रकारची संयुगं. आरसा म्हणजे टॉलेन्सच्या टेस्टमध्ये अल्डिहाइडमुळे नळीच्या काचेवर चढणारा चांदीचा थर. कीटोनला तो सहसा येत नाही. डिसेंबर-जानेवारीत, बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की दिवसातून चार-पाचदा ऐकू येतं. दरवेळी मुलांना वाटतं की आपल्याला दिलेलं कंपाउंड चुकीचं आहे. मी जेवढ्या वेळा शोध घेतला, त्यातल्या बहुतेक वेळा कंपाउंड बरोबर होतं. दोष नळीत, पाण्यात, जुन्या बाटलीत नाहीतर अमोनियाच्या दोन जास्तीच्या थेंबांत सापडला.

ज्यांच्या लॅबमध्ये हेच घडतंय त्यांच्यासाठी, म्हणजे नव्या असिस्टंटसाठी, पहिल्यांदा प्रॅक्टिकल घेणाऱ्या सर-मॅडमसाठी आणि जर्नलमध्ये खरं निरीक्षण लिहू पाहणाऱ्या मुलांसाठी हे लिहिते आहे. आधी लक्षणं सांगते. मग फुकटात होणाऱ्या तपासण्या, आणि त्यानंतर खर्चाच्या आणि कटकटीच्या.

लक्षणं

टॉलेन्सच्या टेस्टमध्ये चकचकीत आरशाऐवजी काळा-करडा गाळ बसतो, किंवा काहीच होत नाही आणि द्रावण स्वच्छ राहतं. कधी सिल्व्हर नायट्रेट घातल्याबरोबर नळी दुधाळ होते. कधी अल्डिहाइडलाही आरसा नाही आणि शेजारच्या मुलीच्या अ‍ॅसिटोनच्या नळीत मात्र करडी झाक दिसते.

फेलिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या निळ्या द्रावणाच्या टेस्टमध्ये, निळा रंग तसाच राहतो, किंवा लाल गाळाऐवजी काळा येतो. अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या नळीत तपकिरी चिकट काहीतरी तरंगताना दिसतं. अल्डिहाइडनं गुलाबी होणारा शिफचा रिएजंट बाटलीतच गुलाबी झालेला असतो, नाहीतर ज्याच्या त्याच्या नळीत गुलाबी होतो. आणि सगळ्यात गोंधळात टाकणारं लक्षण म्हणजे डीएनपीची (२,४-डायनायट्रोफेनिलहायड्राझीनची) टेस्ट सगळ्यांना पॉझिटिव्ह येते. अल्कोहोल मिळालेल्या मुलालाही नारिंगी गाळ.

यातलं काहीही दिसलं तर नवी बाटली फोडायला धावू नका. सिल्व्हर नायट्रेट महाग असतं आणि दोष तिथे नसतो.

पहिलं, फुकटचं: तीन नळ्या एकत्र चालवा

कुठलीही टेस्ट एका नळीत करायचीच नाही. एका नळीत तुमचं कंपाउंड, दुसऱ्या नळीत नक्की माहीत असलेलं अल्डिहाइड, तिसऱ्यात नुसतं डिस्टिल्ड पाणी. रिएजंट तोच, थेंब तेवढेच, वॉटर बाथ एकच. हे एवढं केलं की निम्मं निदान होऊन जातं. माहीत असलेल्या अल्डिहाइडलाही आरसा आला नाही तर दोष रिएजंटमध्ये किंवा नळ्यांत आहे. नुसत्या पाण्याच्या नळीतही काही दिसलं तर तिन्ही नळ्यांत सारखी असलेली एखादी गोष्ट खराब आहे. बाकीच्या दोन नळ्या बरोबर वागल्या आणि तुमचीच नळी गप्प राहिली, तरच कंपाउंडवर संशय घ्यायचा.

माहीत असलेलं अल्डिहाइड म्हणून मी टॉलेन्स आणि फेलिंगसाठी ग्लुकोजचं १ टक्क्याचं द्रावण ठेवते. ते उडून जात नाही, वास नाही, ताजं बनवायला दोन मिनिटं लागतात आणि आरसा हमखास सुंदर येतो. पण ग्लुकोज शिफला रंग देत नाही आणि सोडियम बायसल्फाइटबरोबरही गाळ देत नाही, कारण त्याचा अल्डिहाइड गट बहुतांश वेळ कड्याच्या रचनेत बंद असतो. शिफसाठी पातळ केलेलं फॉर्मलीन (फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) आणि बायसल्फाइटसाठी बेंझाल्डिहाइड घ्यावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे एका वर्षी आमच्याकडे शिफची चांगली बाटली "मेलेली" म्हणून ओतून दिली गेली. ग्लुकोजवर तपासली होती, एवढंच.

दुसरं: नळी खरंच स्वच्छ आहे का

आरसा म्हणजे काचेवर चांदीचे कण एकसारखे बसणं. काचेवर तेलाचा, साबणाचा किंवा बोटाचा पातळ थर असला तर कण काचेला न धरता द्रावणातच गोळा होतात आणि काळा गाळ खाली बसतो. चांदी तयार झालेली असते, ती फक्त चुकीच्या जागी बसलेली असते. म्हणून टॉलेन्समध्ये काळा गाळ दिसला की टेस्ट निगेटिव्ह लिहू नका. रासायनिकदृष्ट्या ती पॉझिटिव्हच आहे. फक्त पाण्याच्या नळीत तो गाळ आलेला नसला पाहिजे.

स्वच्छता ओळखायची सोपी खूण आहे. नळीत पाणी भरून ओतून द्या आणि उजेडासमोर उलटी धरा. पाणी काचेवरून सलग पडद्यासारखं उतरलं तर नळी स्वच्छ. जागोजागी थेंब चिकटून राहिले, पाणी फाटलं, तर तेलकट आहे. मी सकाळच्या बॅचच्या आधी खिडकीशी उभी राहून एकेक नळी अशी बघते. ३० नळ्यांना दहा मिनिटं लागतात आणि पुढचा दीड तास वाचतो.

तेलकट नळी आधी साबण आणि ब्रशनं, मग १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणानं, मग साध्या पाण्यानं, मग पातळ नायट्रिक अ‍ॅसिडनं आणि शेवटी दोन-तीनदा डिस्टिल्ड पाण्यानं धुवायची. हातमोजे आणि चष्मा घालूनच. आत ओरखडे पडलेली नळी टॉलेन्ससाठी वापरू नका, तिथे आरसा ठिपक्याठिपक्यांचा येतो. तिला दुसऱ्या कामाला लावा.

आता डीएनपीचं. दोन वर्षांपूर्वी एका बॅचमध्ये वीसच्या वीस मुलांना नारिंगी गाळ आला. सर म्हणाले, रिएजंट खराब. मी पाण्याची नळी लावली, त्यातही आला. मग रॅकमधली एक कोरडी नळी नाकापासून लांब धरून हातानं वास ओढून बघितला, आणि कळलं. आमच्या मामांनी आदल्या संध्याकाळी नळ्या लवकर वाळाव्यात म्हणून शेवटी अ‍ॅसिटोननं खंगाळल्या होत्या. चांगल्या मनानं केलेलं काम. पण अ‍ॅसिटोन हेच कीटोन, आणि डीएनपी अल्डिहाइड-कीटोन दोघांनाही गाळ देतं, त्यामुळे तळाशी राहिलेला एखादा थेंबही पुरतो. तेव्हापासून आमच्याकडे या प्रॅक्टिकलच्या नळ्या अ‍ॅसिटोननं धुवायच्या नाहीत, ओव्हनमध्ये नाहीतर रॅकवर उलट्या वाळवायच्या. आणि अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट लागलेल्या नळीत नायट्रिक अ‍ॅसिड कधीही घालायचं नाही. ती प्रतिक्रिया एकदम भडकते.

डीएनपीचं आणखी एक सांगायचं तर तो रिएजंट पाण्यात फारसा विरघळत नाही. नमुना खूप पाणचट असेल तर रिएजंटच स्वतः बाहेर पडतो आणि नारिंगी खडे दिसतात. पाण्याची नळी हेही पकडते. नमुना थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घाला.

तिसरं: 'डिस्टिल्ड' पाणी डिस्टिल्ड आहे का

खडकवासल्याचं पाणी नळाला येतं ते क्लोरीन घालून येतं, आणि उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळलं की क्षार आणखी वाढतात. ते पिण्यासाठी असतं, रिएजंटसाठी नाही. कॅनवर "डिस्टिल्ड" लिहिलंय म्हणून ते तसं असेलच असंही नाही. कधी कॅन रिकामा होतो आणि घाईत कुणीतरी नळाखाली धरतं.

तपासणी अशी: २ मिली पाण्यात पातळ नायट्रिक अ‍ॅसिडचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब घाला. स्वच्छ राहिलं तर चालेल. दुधाळ झालं तर क्लोराइड आहे, ते पाणी ओता.

हे का महत्त्वाचं? दुधाळपणा सिल्व्हर क्लोराइडचा असतो आणि तो नंतर अमोनियात विरघळतोही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. खरा घोळ पुढे होतो. जड पाण्यातलं मॅग्नेशियम कॉस्टिक सोड्यानं पांढरं होऊन बाहेर पडतं आणि ते अमोनियानं जात नाही. मुलाला सांगितलेलं असतं, "द्रावण स्वच्छ होईपर्यंत अमोनिया घाल." ते स्वच्छ होतच नाही, तो थेंबामागून थेंब घालत राहतो आणि अमोनिया भरमसाठ होतो. मग आरसा कुठून येणार? दोष पाण्याचा आणि बोलणी मुलाला.

चौथं: कंपाउंडची बाटली डोळ्यांनी बघा

बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या झाकणाभोवती पांढरे खडे साठलेले असतील तर ते बेंझॉइक अ‍ॅसिड आहे. हवेतल्या ऑक्सिजननं अल्डिहाइडचं आम्ल होतं. एक थेंब सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात टाका. बुडबुडे आले तर आम्ल भरपूर आहे. हे आम्ल टॉलेन्समधला अल्कली आणि अमोनिया खाऊन टाकतं आणि टेस्ट मंदावते. सरांच्या देखरेखीखाली सोडियम कार्बोनेटच्या द्रावणानं सेपरेटिंग फनेलमध्ये धुतलं की पुष्कळ सुधारतं. अधूनमधून वायू बाहेर सोडत राहायचं, नाहीतर बूच उडतं. शिवाय बेंझाल्डिहाइड पाण्यात नीट मिसळत नाही, तेलाच्या थेंबांसारखं वेगळं राहतं आणि रिएजंटला भेटतच नाही. दोन-चार थेंब अल्कोहोलमध्ये विरघळवून घाला आणि नळी हलवा.

अ‍ॅसिटाल्डिहाइडची गोष्ट वेगळी. ते सुमारे २० अंश सेल्सियसलाच उकळतं. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी टेबलावर उघडी ठेवलेली बाटली म्हणजे अल्डिहाइड हवेत आणि उरलेलं काहीतरी बाटलीत. बाटली फ्रिजमधून काढून बर्फात ठेवूनच, हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या पंख्याच्या कपाटात) उघडायची. आम्लाचा अंश शिरला तर त्याचं पॅराल्डिहाइड होतं, म्हणजे तीन रेणू मिळून कडं, आणि त्यात मोकळा अल्डिहाइड गट उरत नाही. मग टॉलेन्स गप्प बसतं, आणि मुलगा बरोबर असूनही जर्नलवर लाल शेरा मिळतो. मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून परीक्षेला मी अ‍ॅसिटाल्डिहाइड शक्यतो ठेवतच नाही.

फॉर्मलीन हिवाळ्यात ढगाळ होतं, तळाशी पांढरं बसतं. ते पॅराफॉर्माल्डिहाइड. वरचं स्वच्छ द्रावण घेतलं तरी ताकद कमी झालेली असते. परीक्षेआधी ताजी बाटली ठेवा.

पाचवं: टॉलेन्स कसं बनवलंय

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश सांगते. बर्नहार्ड टॉलेन्स या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या नावानं ओळखला जाणारा हा रिएजंट बाटलीत भरून ठेवायचा नसतो. तो प्रत्येक बॅचला, लागेल तेवढाच, ताजा बनवायचा.

स्वच्छ नळीत ५ टक्के सिल्व्हर नायट्रेट २ मिली घ्या. त्यात १० टक्के कॉस्टिक सोड्याचा एकच थेंब. तपकिरी गाळ येतो, तो सिल्व्हर ऑक्साइड. आता साधारण २ टक्क्यांचा अमोनिया ड्रॉपरनं एकेक थेंब घालत नळी हलवत राहा. लिकर अमोनिया (बाटलीतला तीव्र अमोनिया) एक भाग आणि पाणी बारा भाग घेतलं की जवळपास तेवढा होतो. गाळ विरघळत विरघळत अगदी शेवटची तपकिरी धूसर झाक उरेल, तिथे थांबा. पूर्ण पारदर्शक करण्याच्या हट्टापायी आणखी पाच थेंब घालू नका.

का, ते असं. चांदीचा आयन अमोनियानं धरून ठेवलेला असतो. अमोनिया जितका जास्त, तितकी ती पकड घट्ट, आणि अल्डिहाइडला चांदी सुटी करणं तितकंच कठीण. मी मुलांना दाखवण्यासाठी दोन नळ्या करते. एकीत झाक उरेपर्यंत अमोनिया, दुसरीत वर दहा थेंब जास्त. दोन्हीत ग्लुकोजचे चार-चार थेंब घालून गरम पाण्यात ठेवते. पहिलीत तपकिरी, मग करडं आणि मग एकाएकी चांदी चढते. नळीच्या तळापासून वर सरकत जाते, मुलांचे चेहरे त्यात दिसायला लागतात. दुसरी अजून पाण्यासारखीच असते. एकदा हे पाहिलेली मुलं पुन्हा अमोनिया ओतत नाहीत.

उलट, तपकिरी गाळ विरघळतच नसेल तर अमोनियाची बाटली जुनी झाली आहे. वारंवार उघडलेल्या बाटलीतून वायू निघून जातो. नवा पातळ अमोनिया करा. उन्हाळ्यात लिकर अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो. हूडखाली, चेहरा बाजूला ठेवून, हळू उघडा.

कंपाउंडचे दोन-तीन थेंबच पुरतात. अल्डिहाइड जास्त झालं तर चांदी इतक्या घाईनं बाहेर पडते की काचेवर बसायला वेळच मिळत नाही आणि पुन्हा काळा गाळ.

सहावं: गरम कसं करताय

बर्नरची ज्योत थेट नळीला लावायची नाही. वॉटर बाथ, ६० ते ७० अंश, पाच ते दहा मिनिटं, आणि चांदी चढायला लागली की नळी हलवायची नाही. ज्योतीवर धरलेली नळी एका ठिकाणी उकळते, द्रावण ढवळलं जातं आणि आरसा फुटतो. कीटोनच्या नळीतली करडी झाक बऱ्याचदा अशीच येते, अतिरेकी तापवून किंवा अर्धा तास विसरून. वेळ घड्याळ लावून मोजा आणि तीनही नळ्या एकदम बाहेर काढा. द्रावण कोरडं होईपर्यंत तर कधीच तापवायचं नाही. त्याचं कारण शेवटी येतंय.

सातवं: फेलिंग

हेर्मान फॉन फेलिंगनं हे द्रावण १८४९ मध्ये दिलं आणि आजही ते दोन बाटल्यांत ठेवावं लागतं. ए म्हणजे कॉपर सल्फेट, बी म्हणजे रोशेल सॉल्ट (सोडियम पोटॅशियम टार्टरेट) आणि कॉस्टिक सोडा. एकत्र करून ठेवलं तर टार्टरेट हळूहळू बिघडतं आणि द्रावण आपलं आपणच लाल गाळ सोडायला लागतं. म्हणून पहिली तपासणी: १ मिली ए आणि १ मिली बी मिसळा, दोन मिनिटं उकळा, काही घालू नका. गर्द निळं राहिलं तर ठीक.

मिसळताना फिकट निळा जेलीसारखा गाळ राहिला आणि तो गेलाच नाही, तर बी कमकुवत आहे. टार्टरेटचं काम तांब्याला अल्कलीत विरघळलेलं ठेवणं. ते कमी पडलं तर कॉपर हायड्रॉक्साइड बाहेर पडतं आणि तापवलं की त्याचं काळं कॉपर ऑक्साइड होतं. काळ्या गाळाचं कारण हेच. नवी बी बनवायची तर ५०० मिलीला रोशेल सॉल्ट १७३ ग्रॅम. बीची बाटली काचेच्या बुचाची नको, कॉस्टिकनं बूच कायमचं बसतं. रबरी किंवा प्लास्टिकचं झाकण घ्या.

अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या नळीत तरंगणारं तपकिरी चिकट द्रव्य म्हणजे राळ. अल्कलीत तापल्यावर अल्डिहाइडचे रेणू एकमेकांना जोडले जातात. नळी पाच मिनिटं स्टँडला ठेवा. लाल कॉपर ऑक्साइड जड असतं, विटेच्या भुकटीसारखं तळाशी बसतं. राळ वर तरंगते, काचेला चिकटते. फॉर्माल्डिहाइड इतकं जोरकस असतं की कधी कधी तांबंच काचेवर चढतं. ते बघून घाबरू नका.

आणि बेंझाल्डिहाइडला फेलिंग निगेटिव्हच येतं. तो दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे. अ‍ॅरोमॅटिक अल्डिहाइड टॉलेन्स देतात पण फेलिंग सहसा देत नाहीत. मुलं दोन टेस्टमध्ये विरोध दिसला की एक निरीक्षण खोडून दुसऱ्याशी जुळवतात. खोडू नका. तो विरोधच तुम्हाला सांगतोय की कंपाउंडमध्ये बेंझिनचं कडं असण्याची शक्यता आहे, आणि व्हायवाला एक्स्टर्नल नेमकं तेच विचारतात.

शिफ, बायसल्फाइट आणि नायट्रोप्रुसाइड

हे पटकन सांगते. शिफ म्हणजे सल्फर डायऑक्साइडनं रंग घालवलेलं फुक्सिन. उघडं ठेवलं की वायू जातो आणि गुलाबी परत येतो, म्हणून घट्ट झाकण, गडद बाटली, फ्रिज. या टेस्टला अजिबात तापवायचं नाही, आणि नळीत कॉस्टिकचा अंश राहिला तरी गुलाबी येतं. आधी कॉस्टिकनं धुतलेल्या नळ्या नीट खंगाळल्या नाहीत की सगळ्या बॅचला शिफ पॉझिटिव्ह. दोन-तीन मिनिटांतला रंगच धरा. पंधरा मिनिटांनी आलेली फिकट झाक धरू नका.

सोडियम बायसल्फाइटचं संपृक्त द्रावण ताजं हवं, हवेनं त्याचं सल्फेट होतं. ते अल्डिहाइडला आणि अ‍ॅसिटोनसारख्या मिथाइल कीटोनलाही पांढरा गाळ देतं, त्यामुळे एकट्यानं निकाल देत नाही. नायट्रोप्रुसाइडचं द्रावणही त्याच दिवशी बनवा. त्याचा लाल रंग अ‍ॅसिटोनला येतो, पण अ‍ॅसिटाल्डिहाइडलाही येतो. बेंझोफिनोन कीटोन असूनही देत नाही. लाल आला म्हणजे कीटोनच, असं लिहून मोकळं होऊ नका.

आठवं: टेस्ट बरोबर, निष्कर्ष चुकीचा

सगळं तपासून झालं, तीन नळ्या नीट वागल्या आणि तरी उत्तर जुळत नाही, तर हे दोन प्रश्न विचारा. दिलेलं कंपाउंड फ्रुक्टोज तर नाही? तो कीटोन गटाचा असूनही टॉलेन्स आणि फेलिंग दोन्ही देतो, कारण अल्कलीत कार्बोनिल गट शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि अल्डिहाइड तयार होतं. फॉर्मिक अ‍ॅसिड तर नाही? आम्ल असूनही त्याच्या रेणूत अल्डिहाइडसारखा भाग असतो आणि आरसा देतं. म्हणून टॉलेन्सच्या आधी डीएनपी आणि बायकार्बोनेट या दोन टेस्ट करायच्या. कार्बोनिल आहे का, आम्ल आहे का, हे कळल्याशिवाय चांदी खर्च करू नका.

इतकं करूनही कंपाउंड ओळखू येत नसेल तर नळ्या थांबवा. बाटलीवरचं लेबल गेलेलं असतं, कुणीतरी दोन द्रावणं एकत्र केलेली असतात, आणि तिथे रंग-गाळ पुरे पडत नाहीत. आमच्या सरांनी एकदा असा नमुना विद्यापीठातल्या ओळखीच्यांकडून तपासून आणला. आयआरच्या (इन्फ्रारेड किरणांनी रेणूतले बंध ओळखणाऱ्या यंत्राच्या) कागदावर २७२० च्या आसपास अल्डिहाइडच्या हायड्रोजनची छोटीशी पट्टी स्पष्ट होती. जे आम्ही तीन दिवस टॉलेन्सवर भांडत होतो ते काही मिनिटांत मिटलं. एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणारी तपासणी) मिळालं तर ९ ते १० पीपीएमच्या टप्प्यातला सिग्नल तेच सांगतो. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन योग्य प्रयोगशाळेकडे जा. अनोळखी द्रावणाचा वास घेत बसू नका.

इथे हात मागे घ्या

टॉलेन्स साठवून ठेवलं, सुकू दिलं किंवा खूप वेळ तापवलं तर त्यात काळे, अत्यंत स्फोटक चांदीचे संयुग तयार होते. ते सुकल्यावर नुसत्या हलवण्यानं, खरवडण्यानं फुटू शकतं. आमच्याकडे एका वर्षी गणपतीच्या सुट्टीआधी अर्धा बीकर टॉलेन्स सिंकजवळ विसरला गेला. सुट्टीनंतर मी कुलूप उघडलं तेव्हा द्रावण आटलेलं होतं आणि कडेनं काळा, चमकदार थर सुकून बसला होता. मी हात पुढे केला आणि सर दारातून ओरडले, "ताई, हात लावू नका!" त्यांचा तो आवाज मला अजून आठवतो. लॅब रिकामी केली, दार बंद केलं, कुणाला आत जाऊ दिलं नाही, आणि रासायनिक सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसांना बोलावलं. त्या दिवशीची प्रॅक्टिकल रद्द झाली. झाली तर झाली.

तुम्हालाही असं काही दिसलं तर धुवू नका, अ‍ॅसिड ओतू नका, बीकर हलवू नका. खोली रिकामी करा, विभागप्रमुखांना कळवा, आणि जवळ तज्ज्ञ नसेल तर १०१ किंवा ११२ लावा. २,४-डीएनपीच्या कोरड्या पावडरीचंही तसंच. ती बाटलीत ओलसर ठेवलेली असते, आणि जुनी बाटली पूर्ण सुकून झाकणाच्या आट्यांत पावडर बसलेली दिसली तर ते झाकण फिरवू नका. हूडचा पंखा ओढत नसेल तर अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि लिकर अमोनियाचं काम त्या दिवशी बंद, आणि वायरमनला बोलवा. पंखा आपण उघडायचा नाही.

रोजच्या ताज्या टॉलेन्सचा मात्र त्याच दिवशी निकाल लावायचा. बॅच संपली की उरलेलं द्रावण आणि नळ्यांतलं सगळं एका बीकरमध्ये, हूडखाली, पातळ नायट्रिक अ‍ॅसिडनं आम्लधर्मी करायचं. लिटमस लाल झाला की मिठाचं द्रावण घालायचं, मग पांढरं सिल्व्हर क्लोराइड खाली बसतं. ते गाळून गडद बाटलीत, तारीख लिहून. काचेवरची चांदीही पातळ नायट्रिकनं निघते. मी शेवटची नळी धुऊन उलटी लावल्याशिवाय लॅबला कुलूप लावत नाही, आणि नवीन आलेल्या असिस्टंटला पहिल्या दिवशी हेच काम आधी शिकवते.